माल्टा आणि गोझोत डायव्हिंग: कपारी, गुहा आणि बुडालेली जहाजं, पायरी-पायरीने

मालवणला होडीतून नेऊन वीस मिनिटं पाण्याखाली फिरवून आणतात. अनेकांना समुद्राची गोडी तिथेच लागते. मग कोणी तारकर्लीला रीतसर कोर्स करतं, कोणी अंदमानात कार्ड मिळवतं, आणि दोन-चार वर्षांत पुढे कुठे जायचं हा प्रश्न येतो. बुडालेली जहाजं आणि समुद्री गुहा यांची ओढ असेल, तर मी भूमध्य समुद्रातल्या माल्टाचं नाव घेईन. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब, शेजारी गोझो, मधे चिमुकलं कोमिनो. बहुतेक डायव्ह किनाऱ्यावरूनच होतात. गाडी लावायची, टाकी पाठीवर घ्यायची, खडकावरून पाण्यात उतरायचं.

एक गोष्ट मात्र आधीच मनात ठेवा. गोव्याच्या ग्रँड आयलंडला चार-पाच मीटरच्या पलीकडे दिसत नाही, त्यामुळे माणूस आपोआप सावध राहतो, घडीघडी गेज, म्हणजे टाकीतली हवा दाखवणारी तबकडी, बघतो. माल्टाचं पाणी इतकं नितळ की तीस मीटर खाली पडलेलं जहाज वरून दिसतं आणि ते दहा मीटरवर असल्यासारखं वाटतं. अंधार नाही, गढूळपणा नाही, भीती नाही, आणि इथेच माणूस फसतो. म्हणून या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला एकाच गोष्टीकडे येईल: किती खोल, किती वेळ, किती आत, हे किनाऱ्यावर कोरड्या अंगाने ठरवायचं आणि खाली गेल्यावर बदलायचं नाही.

निघण्यापूर्वी

मालवणची ती वीस मिनिटं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. माल्टाला स्वतःच्या जबाबदारीवर उतरायचं तर किमान ओपन वॉटर हे पहिल्या पातळीचं कार्ड हवं, म्हणजे १८ मीटरपर्यंत. बहुतेक मोठी जहाजं त्याखाली आहेत, त्यामुळे ३० मीटरचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड करूनच जा. शक्य असेल तर नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्सही इथेच उरकून घ्या. अभ्यास थोडा आहे आणि उपयोग मोठा. तीस मीटरवर साध्या हवेने डीकम्प्रेशन, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे, न लागता सुमारे २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर सुमारे ३०. पण त्याच नायट्रॉक्सची खोलीची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास संपते. तळ ३६ मीटरवर असलेल्या जहाजावर जाताना हे विसरून चालत नाही.

शेवटच्या डायव्हला सहा महिने झाले असतील, तर आधी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानला दोन-तीन डायव्ह मारून या. माल्टाचा पहिला दिवस मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात घालवू नये.

तिथलं डाइव्ह सेंटर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांतल्या कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते घरूनच आणा आणि खोटं भरू नका. व्हिसा शेंगेनचा. त्यासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, पण त्या पॉलिसीत स्कूबा धरलेलं असेलच असं नाही. बारीक अक्षरं वाचा आणि डायव्हिंगचा वेगळा विमा काढा. डायव्हमुळे त्रास झाला तर प्रेशर चेंबरमध्ये, म्हणजे दाबाच्या खोलीत, होणारे उपचार महाग असतात. माल्टात तो चेंबर मातर देई या सरकारी रुग्णालयात आहे आणि आणीबाणीचा फोन ११२. दोन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कधी जावं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी १५ अंशांपर्यंत उतरतं, ऑगस्टमध्ये २६-२७ अंशांवर जातं. उन्हाळ्यात वर ऊब असते, पण पंचवीस मीटरच्या आसपास एकदम गार थर लागतो आणि पाच मिलिमीटरच्या सूटमध्येही हुडहुडी भरते. माझी पसंती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, गर्दी ओसरलेली असते, आणि ज्या वर्षी दिवाळी लवकर येते त्या वर्षी सुट्टीही जुळते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सात मिलिमीटरचा सूट आणि हूड घ्या. जाड सूट जास्त तरंगतो, आणि भूमध्य समुद्र आपल्या अरबी समुद्रापेक्षा थोडा अधिक खारट आहे. त्यामुळे बुडण्यासाठी कमरेला बांधायचं तुमचं नेहमीचं वजन तिथे कमी पडेल.

वारा बघून जागा ठरवायची

माल्टातल्या डायव्हिंगचं खरं वेळापत्रक वारा लिहितो. सगळ्यात जास्त वाहतो तो वायव्येचा माज्जिस्त्राल. तो जोरात असला की गोझोच्या पश्चिमेचं द्वेय्रा आणि मुख्य बेटाच्या वायव्य टोकाचं चिरकेव्वा यांना फटका बसतो. ईशान्येचा ग्रिगाल सुटला की राजधानी व्हॅलेटाच्या मार्सामशेट बंदराच्या तोंडाशी लाटा येतात, पण नैऋत्येकडचा झुर्रीचा किनारा आडोशाला राहतो. आग्नेयेचा श्लोक आला की गोझोचा दक्षिण किनारा सोडून उत्तरेला जायचं.

म्हणून ‘सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक’ असं भारतातूनच पक्कं करू नका. पाच-सहा जागांची यादी ठेवा आणि रोज सकाळी तिथल्या माणसांना विचारा. डाइव्ह सेंटर निवडतानाही हीच कसोटी लावा. वारा बघून तुमची ठरलेली जागा बदलायला सांगणारं सेंटर चांगलं. नावं विचारताना उच्चारही शिकून घ्या. लिहितात रोमन लिपीत, पण माल्टी भाषा अरबीची नातलग आहे. एक्स म्हणजे श, आणि ‘गुहा’ या अर्थाच्या शब्दातली पहिली दोन अक्षरं मुकी राहून उरतो नुसता ‘आर’.

राहायचं कुठे? गुहांसाठी गोझो, जहाजांसाठी मुख्य बेट. सहा दिवस असतील तर तीन-तीन वाटून घ्या. चिरकेव्वाहून गोझोच्या इम्जार बंदराला फेरी पंचवीसेक मिनिटांत पोहोचते आणि तिकीट फक्त परतताना घेतात. शाकाहारी असाल तर पास्तित्सी नावाची खुसखुशीत करंजीसारखी गोष्ट कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळते, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. दोन डायव्हच्या मधे याहून सोयीचं खाणं मला सापडलेलं नाही.

पहिला दिवस: कपारी आणि गवताचं कुरण

पहिल्याच दिवशी जहाज मागू नका. आधी रीफ. आणि रीफ म्हटल्यावर अंदमान-मालदीवचे रंगीत प्रवाळ डोळ्यांपुढे आणू नका, नाहीतर हिरमोड होईल. इथे चुनखडीचे कडे आहेत, त्यांतल्या फटी आणि कपारी आहेत, आणि मधल्या वाळूवर पोसिडोनियाची हिरवी कुरणं. पोसिडोनिया शैवाल नव्हे, खरंखुरं फुलणारं सागरी गवत आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्यात गुडघे टेकू नका.

इथे बघायची रीत वेगळी. मोठं दृश्य सोडून फटीत टॉर्च मारायचा. मोरे ईल तोंड उघडझाप करत असते, ऑक्टोपस दारात शिंपल्यांचा ढीग रचून बसलेला असतो, छताला लालभडक कार्डिनल मासे उलटे लटकल्यासारखे दिसतात. आपल्या गोबऱ्याच्या जातकुळीतला डस्की ग्रूपर कपारीतून रोखून बघतो. केसाळ फायरवर्म दिसेल, तांबूस-हिरवा, सुरवंटासारखा. त्याला हात लावाल तर आपल्याकडच्या घुल्यासारखे केस रुततात आणि आग होते. एकेकाळी गवतात जवळजवळ मीटरभर उंचीचे पेन शेल शिंपले उभे असत. २०१६ पासून एका परजीवीच्या साथीने भूमध्य समुद्रभर त्यांचा संहार झाला. आता रिकामं कवच दिसलं तर तेही उचलू नका.

याच डायव्हमध्ये वजनाचा हिशोब बसवा. डायव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार दाब उरला असताना, पाच मीटरवर बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) रिकामी करून तीन मिनिटं स्थिर राहता आलं पाहिजे. वर ओढले जात असाल तर एक किलो वाढवा. मग पाय सायकलसारखे न मारता बेडकासारखे मारायचा सराव करा. वाळूवर अर्धा मीटर वरून जा आणि मागे वळून बघा: धूळ उडाली का? उडाली असेल तर गुहेत जायची अजून वेळ आलेली नाही.

गुहा: जिथवर उजेड दिसतो तिथवर

सुरुवात करायला मला मुख्य बेटाच्या दक्षिणेचं आर लाप्सी आवडतं. पाच-सहा मीटर खोलीवर बोळांसारख्या गुहा आहेत, जागोजागी वर झरोके आहेत आणि पाण्यातून उन्हाचे दांडके उतरतात. डोक्यावर छत असल्याची सवय इथे होते.

नंतर गोझोचं द्वेय्रा. ‘अ‍ॅझ्युर विंडो’ नावाची प्रसिद्ध दगडी कमान इथेच होती. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. तिचे घराएवढे तुकडे आता पाण्याखाली पडलेत, ताज्या फुटलेल्या चुनखडीच्या धारांसकट, आणि त्यांच्यावर नवं शैवाल आणि मासे स्थिरावताहेत. शेजारीच ब्लू होल आहे. सुमारे दहा मीटर रुंद, पंधरा मीटर खोल नैसर्गिक विहीर. गाडीपासून तिथवर काही मिनिटांची वाट आहे, पण ती दातेरी खडकांवरून जाते. जाड तळव्याचे बूट हवेतच. पाठीवर टाकी, कमरेला वजन आणि वर ऊन. धाप लागली तर पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसा. धापा टाकत खाली गेलात तर निम्मी हवा वाटेतच संपते.

विहिरीत उतरलात की आठ मीटरच्या आसपास कमान लागते आणि तिच्यापलीकडे एकदम मोकळा निळा समुद्र. तळ पन्नास मीटरच्याही खाली जातो. इथे बहुतेकांचा हात बीसीडीच्या बटणावर उशिरा पोहोचतो. मी कमानीतून बाहेर पडताना खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर डोळ्यांसमोर धरूनच पडतो, कारण कडा खाली-खाली ओढत नेतो आणि नितळ पाण्यात पंचवीस मीटर कधी ओलांडले ते कळत नाही. विहिरीच्या आतल्या बाजूला तळाशी एक गुहा आहे. तिच्यात शिरून मागे वळून बघा: काळ्या चौकटीत निळी कमान आणि त्यात लोंबकळणारे डायव्हर. मात्र तळाला गाळ आहे. आधीचा गट आत असेल तर त्याला बाहेर येऊ द्या.

गुहेचे माझे नियम असे. बाहेरचा उजेड सतत दिसला पाहिजे. पृष्ठभागापासून एकूण अंतर, म्हणजे खोली अधिक आत गेलेलं अंतर, चाळीस मीटरच्या पुढे नाही. ब्लू होलच्या गुहेत पंधरा मीटर खोलीत गेले की आत जायला उरतात पंचवीस. हवेचा एक-तृतीयांश आत जाण्यात, एक-तृतीयांश परतण्यात, एक-तृतीयांश राखीव. प्रत्येकाकडे दोन टॉर्च. याच्या पुढचं काहीही केव्ह डायव्हिंगचं पूर्ण प्रशिक्षण, दोर आणि दुहेरी टाक्या यांचं काम आहे, आणि ‘गाइड पुढे आहे ना’ हे त्याला उत्तर नाही.

इनलँड सी हे खाऱ्या पाण्याचं तळंही द्वेय्रालाच. तिथून सुमारे ऐंशी मीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून समुद्रात जातो. सुरुवात तीन मीटरवर, शेवट सव्वीस मीटरवर. ऐंशी मीटर ऐकून दचकू नका. बोगद्याचं छत पाण्याच्या बरंच वर आहे, तुमच्या डोक्यावर हवा आहे. धोका वेगळा आहे. त्याच बोगद्यातून पर्यटकांच्या होड्या सतत जा-ये करतात आणि इंजिनाचा आवाज दगडावर आपटून सगळीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून शिरल्याबरोबर तळ धरायचा, भिंतीकडेने जायचं आणि मधे काहीही झालं तरी वर डोकं काढायचं नाही. बाहेरच्या तोंडाशी पाणी इतकं निळं होतं की माझी बहीण हात झटकून मला थांबवायला लागली. तिला ते नुसतं बघत राहायचं होतं. आम्ही ठरवलेली दोन मिनिटं थांबलो आणि वळलो.

जहाजं: आधी बाहेरून

पहिलं जहाज म्हणून व्हॅलेटाच्या तटाखालचं एचएमएस माओरी घ्या. ही ब्रिटिश विनाशिका मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात होती आणि १२ फेब्रुवारी १९४२ ला जर्मन विमानांच्या बॉम्बने माल्टाच्या बंदरातच बुडाली. नंतर तिचा पुढचा भाग मार्सामशेट बंदरात आणून टाकला. खोली सोळा मीटरच्या आत, त्यामुळे ओपन वॉटर कार्डवर जमते. पत्रा गंजून जाळी झालाय. आत शिरायचा मोह नको. बंदर वाहतं आहे, निशाणाचा बोया वर ठेवल्याशिवाय उतरू नका.

मग चिरकेव्वा. इथे दोन जहाजं आहेत, दोन्ही मुद्दाम बुडवलेली. १९९२ मधली रोझी टगबोट आणि २००७ मधली पी२९, जी मुळात पूर्व जर्मनीची सुरुंग काढणारी नौका होती. ५२ मीटर लांब, पुढे तोफ अजून रोखलेली. दोघींचे तळ छत्तीस मीटरच्या आसपास. परतीच्या वाटेवर अठराएक मीटरवर एका कपारीत मॅडोनाची मूर्ती आहे, तिच्याकडे वळलं की खोली आपोआप कमी होत जाते. गोझोत शाट लाहमारला २००६ मध्ये बुडवलेली कारवेला आहे. तिच्या आतल्या जिन्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, पण तळ चाळीस मीटरवर आहे. डीप डायव्हिंगचं प्रशिक्षण नसेल तर वरच्या डेकवरच थांबा.

या सगळ्यांत मोठं उम अल फरूद. लिबियाचं सुमारे ११० मीटर लांब तेलवाहू जहाज. ३ फेब्रुवारी १९९५ ला माल्टाच्या गोदीत दुरुस्ती चालू असताना त्याच्या टाकीत स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. निकामी झालेलं जहाज १९९८ मध्ये झुर्रीच्या दरीसमोर बुडवलं. पुढे वादळात त्याचे दोन तुकडे झाले. त्या नऊ जणांच्या स्मरणाची पाटी जहाजावर आहे. तिथे मी दरवेळी थांबतो. हे जहाज कुणाच्या तरी मरणाची जागा आहे, हे शरीराला कळावं म्हणून.

इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. पहिल्या सहलीत, दुसऱ्याच दिवशी, एका सेंटरने माझं कार्ड तेवढं बघून मला फरूदच्या गटात घातलं आणि मीही हरखून गेलो. गाइडच्या मागोमाग इंजिन रूमच्या मजल्यावर शिरलो. आत हिरवट अंधार, एकसारखे दरवाजे, छताला साठलेले श्वासांचे बुडबुडे पाऱ्यासारखे सरकताहेत. मला वाटलं, चारेक मिनिटं झाली असतील. बाहेर आलो तेव्हा गेजवर ६० बार होते, खोली २८ मीटर. गाइडच्या सुट्या रेग्युलेटरवर (श्वास घ्यायच्या तोंडीवर) सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा पाच मीटरवरचा थांबा, करून वर आलो. त्या रात्री जो हिशोब मांडला, तो आज प्रत्येकाला मांडायला लावतो.

बारा लिटरची टाकी, २०० बार, म्हणजे २,४०० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर घेतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून ८० लिटर. आता समजा, खाली बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली. दोघं घाबरलेले, प्रत्येकी ३० लिटर, मिळून ६०. गोंधळ निस्तरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, म्हणजे २४०. मिनिटाला नऊ मीटर या वेगाने वर यायला साडेतीन मिनिटं, सरासरी दाब अडीच: ५२५. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब दीड: २७०. बेरीज १,०३५ लिटर. बाराने भागा: ८६ बार.

म्हणजे तीस मीटरवरून दोन माणसांना धड वर आणायला ९० बार लागतात. आपण शिकतो ते ‘५० बारला वर या’ हे अठरा मीटरच्या मोकळ्या पाण्यातलं गणित. फरूदवर मी ११० बारला जहाज सोडतो, कारण ते किनाऱ्यापासून दीडेकशे मीटर दूर आहे आणि मला पोहत परत कड्याकडे यायचंय. जास्त हवा पिणारे असाल तर पंधरा लिटरची टाकी मागून घ्या. लाज कसली.

क्रम असा ठेवा. पहिल्या भेटीत फक्त बाहेरून, ब्रिज आणि वरचे मजले, पंचवीस मीटरच्या आत. दुसऱ्या भेटीत एका दारातून शिरून समोरच्या दारातून बाहेर, दोन्ही दारं एकाच वेळी दिसत असतील तरच. जिना उतरून खालच्या मजल्यावर जायचं ते रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांत शिरायचा, कोर्स करून, दोर बांधून. लोंबकळणारं काही असेल ते अंगाला घट्ट लावा. गेजची नळी दाराच्या कडीत अडकायला एक क्षण पुरतो. आतून काहीही उचलू नका. माल्टात पाण्याखालच्या वारशाचं संरक्षण कडक आहे, आणि युद्धातली खोल जहाजं तर परवानगीशिवाय बघताही येत नाहीत.

परतताना घाई नको. झुर्रीला कड्याच्या पायथ्याशी गवत आणि कपारी आहेत, तिथे दहा-बारा मीटरवर पंधरा मिनिटं रेंगाळा, मग पाचवर थांबा. शेवटी पायऱ्या येतात. शेवाळाने बुळबुळीत असतात आणि लाट वर उचलून मागे खेचते. फिन्स काढायची घाई करू नका, आधी कठडा दोन्ही हातांनी धरा, पुढची लाट जाऊ द्या, मग चढा.

शेवटचा दिवस

विमानाआधी एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक दिवस रोज डायव्ह केले असतील तर किमान १८ तास कोरडं राहायचं असतं. मी पूर्ण २४ धरतो. मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचं असेल, तर आदल्या दिवशी तीनच्या आत शेवटच्या डायव्हमधून वर आलेलं असावं. बेटावर गाडीने कुठेही फिरा. सगळ्यात उंच जागा २५३ मीटर, तेवढ्याने काही बिघडत नाही. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर गोड्या पाण्यात तासभर भिजत घाला, सूट सावलीत उलटा वाळवा, आणि ओलं सामान बॅगेत भरण्याआधी रात्रभर गच्चीवरच्या वाऱ्याला ठेवा.